पंख्यावरची धूळ

कुणी "आज उकडतंय फार" म्हणालं, तरी डॉक्टर आधी विचारायचे, "कोण म्हणतं?" मग खिडकीतला तापमापक बघायचे. त्याचाही भरवसा नसल्यामुळे खणातला दुसरा काढून त्याच्याशेजारी धरायचे. दोघांचं जुळलं की म्हणायचे, "असेल." नुसतं सरळ 'हो' त्यांच्या तोंडून बाहेर पडायला फार कष्ट पडत.

अशा माणसाला लोक संशयी म्हणतात. आम्हीही म्हणायचो. आमचे संशय मात्र माणसांवरचे असायचे. कोण कुणाच्या कानाला लागतं, कोण युनियनला काय सांगतं, कुणाच्या डब्यात काय बाहेर जातं. डॉक्टरांचा संशय वस्तूंवर. काटा, तराजू, बाटलीवरची चिठ्ठी, स्वतःचे डोळे. शेवटी आम्ही त्यांना प्लॅटिनमचा चोर ठरवून बाहेर काढलं. 'आम्ही' हा शब्द मी इतकी वर्षं सोयीनं वापरत आलो. त्या 'आम्ही'त मी नक्की कुठे उभा होतो, ते या लेखात सांगायचं आहे.

पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना उत्प्रेरक बनवायचा. मी नुकताच बी.एस्सी. होऊन केमिस्ट म्हणून लागलो होतो आणि खांदा कॉलनीत दोन मित्रांबरोबर राहत होतो. डॉक्टर संशोधन विभागाचे प्रमुख. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, बुशशर्टच्या खिशात कायम गाळणकागदाच्या घड्या. डॉक्टर ते रसायनशास्त्राचे. पण कामगार त्यांना खोकला, खरूज, बायकोची कंबर, सगळं दाखवायला यायचे. "मी तो डॉक्टर नव्हे रे," असं म्हणत ते दहा प्रश्न विचारायचेच.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्हीकडच्यांना एकत्र आणतो, त्यांचं लवकर जमवून देतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो." मागे उभा असलेला बाळाराम म्हणाला, "म्हंजे तुमच्यासारका, डाक्टर." डॉक्टर मनापासून हसले.

बाळाराम सुकापूरचा. घरच्या भातशेतीवर भागेना म्हणून कारखान्यात लागलेला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, उंच, छातीनं रुंद. गणपतीत बाल्या-नाचाला उभा राहिला की उतरायचा नाही, असं त्याचे गाववाले सांगायचे. तो पावडर-रूममध्ये होता. तिथे प्लॅटिनमचं पिवळं मीठ तबकांत वाळवायचं आणि वाळलं की ब्रशनं खरवडून बरणीत भरायचं, हे त्याचं काम. त्याच मिठापासून डॉक्टर आपला लाडका उत्प्रेरक बनवत होते. त्याच्या एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा. ज्वाळा नाही, धूर नाही. मधल्यामध्ये वीज तयार होते आणि मागे उरतं ते पाणी. "एक दिवस रस्त्यावरच्या गाड्या पाणी टाकत जातील," असं ते म्हणायचे. आणि लगेच स्वतःलाच विचारायचे, "कोण म्हणतं?"

पनवेलच्या बाजारात मासळी घेताना त्यांना बघणं ही करमणूक होती. कोळीण म्हणायची, "ताजा हाय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हनतंय. मंग आनी कोन म्हनल? म्हावरा बोलल?"

डॉक्टर कल्ले उघडून बघायचे, वास घ्यायचे, शेजारणीच्या टोपलीतला दुसरा मासा उचलून त्याच्याशी ताडून पाहायचे. मग शेजारीणही भांडायला उभी राहायची. एवढं करून ते पहिलीकडूनच घ्यायचे.

त्यांची खरी ओळख म्हणजे रिकामी बशी. कुठलाही प्रयोग करताना एक बशी रिकामी ठेवायची आणि तिलाही तेच सगळं करायचं: तीच भट्टी, तोच वायू, तेवढाच वेळ. भरल्या बशीत काय आलं हे सांगायला गेलं की ते हात वर करून थांबवायचे. "आधी रिकाम्या बशीत काय आलं ते सांग." हे त्यांनी आयुष्यालाही लावलं होतं. स्टोअरमधले एक गृहस्थ होमिओपॅथीचं गुणगान करत होते, गोळ्यांनी आठवड्यात सर्दी गेली म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांची किती दिवसांत गेली?" ते गृहस्थ पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

बल्बचा प्रसंग सांगायला हवा, कारण माझा हिशेब तिथून सुरू होतो. मुंबईहून संचालक येणार होते. डॉक्टरांच्या यंत्रावर एक छोटा दिवा पेटवून दाखवायचा होता. आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गोड बोलणारा माणूस. "यार, तो म्हातारा ऐन वेळी म्हणेल, आज नको, माझा विश्वास नाही. तू आपला माणूस आहेस. टेबलाखाली दोन सेल जोडून ठेव. दिवा पेटला पाहिजे, बस." मी जोडले. आपला माणूस म्हणवून घ्यायला मला बरं वाटलं होतं.

दिवा पेटला. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मात्र हायड्रोजनचा कॉक बंद केला आणि घड्याळ हातात घेऊन बसले. नळीतला उरलासुरला वायू संपून दिवा मंद होत विझायला हवा होता. तो तसाच जळत राहिला. संचालकांना ते अधिकच आवडलं. "वा, गॅस बंद केला तरी चालू," असं म्हणत ते जेवायला गेले. खोली रिकामी झाल्यावर डॉक्टर गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली हात घालून सेल काढले आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकले. "घरी रेडिओला घाल," एवढंच म्हणाले. मग त्यांनी यंत्र पुन्हा जोडलं. सेलशिवायही दिवा पेटला. बघायला आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर ते माझ्यावर संशय घेतील असं मला वाटलं होतं. ते पूर्वीसारखेच वागले. याचंही मला काहीतरी वेगळंच वाटायचं: हा माणूस मनात धरून बसला असेल, एक दिवस बाहेर काढेल. आपण जसे असतो तसंच समोरच्याला समजतो.

बाळारामला खोकला लागला त्या सुमाराला. डोळ्यांतून पाणी, नाक गच्च, आणि घरी गेल्यावर रात्री छातीत शिट्टी वाजायची. कामावर असताना विशेष काही नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, छाती साफ आहे. विजेच्या कपातीमुळे आमच्या वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असायची, आणि तपासणी ठेवलेली असायची शनिवारी सकाळी. उत्पादनाचा खोळंबा नको म्हणून ही वेळ सोयीची. सुट्टीचा दिवस घरच्या हवेत काढून माणूस ताजा झालेला असायचा. आमचे डॉक्टर मॅनेजरांकडे जाऊन म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी तपासा." मॅनेजर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दगडधातूंचे डॉक्टर. माणसं त्यांना बघू द्या." पुढे म्हणाले, "आणि गावठी दारूचंही काहीतरी असेल ना?" बाळाराम माळकरी होता. दारूला शिवत नव्हता.

मग सुयांचं प्रकरण झालं. परदेशात या मिठाचं काम करणाऱ्यांना दमा होतो, असं डॉक्टरांच्या वाचनात आलं होतं. वाचलेल्यावर ते विश्वास कसा ठेवतील? त्यांनी ते मीठ पाण्यात इतकं पातळ केलं की रंगही दिसेना. हातावर त्याचा थेंब ठेवून सुईचं टोक हलकंच टेकवायचं. शेजारी साध्या पाण्याचा थेंब आणि तशीच सुई. रिकामी बशी इथेही होतीच. आधी स्वतःच्या हातावर केलं. काही झालं नाही. मग बाळारामच्या. चहा होईपर्यंत मिठाच्या जागी गांधीलमाशी चावल्यासारखी गांध उठली. पाण्याच्या जागी काही नाही.

मग म्हणाले, "तू पण त्या खोलीत जातोस ना? हात दे."

माझ्या हातावरही उठली. बाळारामच्यापेक्षा लहान, पण उठली.

त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. "हे विषासारखं नाही. विष पहिल्या दिवशीही विषच असतं. हे मीठ आधी शरीराला कळतच नाही. महिनोन्महिने काही होत नाही. मग कधीतरी शरीराला त्याचा संशय येतो, आणि ते त्याची ओळख लक्षात ठेवतं. त्यानंतर कणभर जरी दिसलं तरी शत्रू आला म्हणून श्वासाच्या नळ्या आवळून घेतं. एकदा आलेला हा संशय जात नाही. लवकर बाहेर पडलं तर छाती सुधारू शकते. राहत गेलं तर मग काही सांगता येत नाही." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला अजून खोकला नाही. दोघंही त्या खोलीतून बाहेर पडा."

बाळाराम म्हणाला, "सुटून जाऊ कुटं, डाक्टर? दुसऱ्या खात्यात जागा नाय म्हनतात."

"मी मिळवून देतो," डॉक्टर म्हणाले. 'असेल' नाही, 'बघू' नाही. असं ठाम वाक्य त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकलं.

कॅन्टीनमध्ये आठवडाभरात पसरलं की डॉक्टर कामगारांना सुया टोचून काहीतरी घालतो. त्याच दिवसांत दुसरी कुजबुज सुरू झाली: प्लॅटिनम कमी भरतंय. आत येतं तेवढं बाहेरच्या मालात दिसत नाही. थोडंच, पण प्रत्येक खेपेला. फाटकावर झडती सुरू झाली. चपला काढायला लावायचे, डबे उघडायचे, केसांतून हात फिरवायचे. पिवळ्या मिठाच्या खोलीतला म्हणून बाळारामच्या तोंडातही बॅटरी मारून बघायचे. तो खोकला की रखवालदार मागे सरायचा. मॅनेजरांनी मला पुन्हा बोलावलं. "म्हाताऱ्यावर नजर ठेव. सुया, पुड्या, काय काय चाललंय." मी मान डोलावली.

नजर ठेवायला मला लांब जावं लागलं नाही. डॉक्टरांनीच हाक मारली, "अरे, स्टूल धर." पावडर-रूममध्ये उकाड्यासाठी छताला पंखा होता. पंखा बंद करून ते स्टुलावर चढले आणि ओल्या गाळणकागदानं पात्यांची वरची बाजू पुसली. कागदावर कथिलाच्या क्षाराचे थेंब टाकले. प्लॅटिनम असेल तर नारिंगी रंग येतो. कागद विड्याच्या पिंकेसारखा रंगला. कपाटाच्या माथ्यावरची धूळ पुसली, तोही रंगला. खिडकीच्या जाळीचाही.

मग ते तडक कॅन्टीनमध्ये गेले आणि ऐन जेवणाच्या वेळी तिथला पंखा पुसायला चढले. खाली वरणभातात जाळी-जळमटं पडायला लागली. "डाक्टर, आमच्या ताटात कसला प्रयोग?" लोक ओरडत होते. डॉक्टर म्हणाले, "ही माझी रिकामी बशी." त्या कागदाला रंग आला नाही.

परत येताना ते मला हळूच म्हणाले, "हे लोक खिसे तपासतात. माल पंख्यावर आहे. तबकं खरवडतात, पंखा ती धूळ उडवतो, आणि पंख्यावर जे आहे तेच बाळारामच्या छातीत आहे." त्यांना आनंद झाला होता, तो लपत नव्हता. चोरीचा आळ आणि खोकला, दोन्हींचं उत्तर एकच सापडलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे मॅनेजरांना दाखवलं असतं तर कदाचित सगळं निराळं झालं असतं. पण ते डॉक्टर होते. स्वतःच्या चाचणीवर त्यांचा विश्वास नव्हता. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना मित्र होता. त्याच्याकडून दुसऱ्या पद्धतीनं तपासून आणायचं, मगच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. कागद नीट घड्या करून त्यांनी खिशात ठेवले.

संध्याकाळी फाटकावर ते सापडले. प्रमुखांची झडती घेत नसत. त्या दिवशी घेतली. घ्यायला कुणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. कागद रंगलेले आहेत, एवढं मात्र मॅनेजरांना दुपारीच ठाऊक होतं, आणि त्यांना ते सांगणारा मीच होतो. "म्हातारा काहीतरी पुसून कागद रंगवतोय," इतकंच मी म्हणालो होतो. यात खोटं काही नव्हतं.

केबिनमध्ये टेबलावर त्या घड्या पसरल्या होत्या. कंपनीच्याच प्रयोगशाळेतून तपासून आल्या होत्या. प्लॅटिनम आहे. डॉक्टर शांत होते. जवळजवळ खूश. "आहे ना? मग झालं. पंख्यावरून पुसलंय. याला विचारा, स्टूल यानंच धरलं होतं."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी मी त्यांच्याकडे विक्री खात्यात बदली मागितली होती. कारण सांगितलं होतं, आईची तब्येत, फिरतीत गावाकडे लक्ष देता येईल. माझी आई ठणठणीत होती. कारण माझ्या हातावर होतं. डॉक्टरांच्या सुईवर त्या कारखान्यात पूर्ण विश्वास ठेवणारा एकटा मी होतो, आणि तो मी फक्त स्वतःपुरता ठेवला होता.

"मी त्या दिवशी पावडर-रूममध्ये नव्हतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. 'कोण म्हणतं' ते म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कागदांकडे हात केला, जणू कागद बोलतील. पोलिसांत देणार नाही या बोलीवर त्यांच्याकडून राजीनामा घेतला. कंपनीत सगळ्यांना कळलं की डॉक्टर गाळणकागदातून प्लॅटिनम नेत होते. हुशारीचं कौतुकही झालं थोडं. पंखा कुणी पुसला नाही. मला विक्री खातं मिळालं. बाळाराम ब्रश घेऊन तिथेच राहिला.

पुढे डॉक्टर पनवेलमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांची गल्ली टाळायचो. एकदा मासळीबाजाराबाहेर अगदी समोरासमोर आलो. त्यांच्या हातात पिशवी, खिशात अजून त्या घड्या.

"खोकला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चांगलं झालं. एकानं तरी ऐकलं." यात टोमणा आहे का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग म्हणाले, "आणि बाळाराम?"

"बरा आहे."

"कोण म्हणतं?"

ते उत्तराची वाट बघत उभे राहिले, मग निघून गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी गेलो नाही.

मागच्या महिन्यात मुलीसाठी जागा बघायला सुकापूरला गेलो होतो. जिथे भाताची खाचरं होती तिथे सात मजली इमारत. खाली सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक वाळलेला म्हातारा बसला होता. खांदे वर ओढलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, मूळ जमीनमालक.

"केमिस्टभाऊ ना तू?" बाळारामनंच मला ओळखलं. "ये. बस."

मी बसलो. त्यानं सुनेला चहा सांगितला. इमारतीत दोन फ्लॅट त्याचे आहेत, चौथ्या मजल्यावर. "लिफ्ट बंद परली का मी खालीच," म्हणाला. दोन-तीन शब्दांमागे श्वास घ्यायला थांबत होता. खिशातला पंप काढून दाखवला. "यो नसल तर मी नाय." मग सहज, जुन्या गोष्टी काढाव्यात तसं म्हणाला, "त्या डाक्टरनी सुई टोचली, आन मना दमा लागला. सगला गाव म्हनतं. चोर तर चोर, वर आमचा सत्यानास केलान."

चहा संपवून उठता आलं असतं. सगळा गाव म्हणत होता, आणि ज्याच्याबद्दल म्हणत होता तो माणूस गेला होता.

"सुईनं नाही, दादा," मी म्हणालो. "पावडरनं. पंखा ती धूळ उडवायचा. डॉक्टर चोर नव्हते. त्यांनी पंखा पुसला, तेव्हा स्टूल मी धरलं होतं." मग पुढचं सगळं सांगितलं. केबिनमध्ये मी काय बोललो, तेही. गांध माझ्या हातावरही उठली होती, ते त्याला माहीत होतं. पण त्याच कारणानं मी बदली मागितली, ते माहीत नव्हतं. तेही सांगितलं.

सूनबाई कप न्यायला आली, तिला त्यानं हातानंच परत पाठवलं.

"म्हंजे तुला ठावं व्हतं."

"हो."

"तू त्या खोलीतून कवा गेलास?"

"गणपतीच्या आधी."

"मना शिमग्याला उचलून भायेर काडला," तो म्हणाला. "तबकावरच परलू व्हतू." उजव्या हाताचा पंजा त्यानं डोळ्यांसमोर धरला आणि अंगठ्यानं एकेक बोट मिटायला लागला. "गनपती." श्वास. "नवरात." श्वास. "दिवाली." माझ्याकडे तो बघत नव्हता. संक्रांतीपाशी त्याचा दम संपला. पंप तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं मला खुणावलं, थांब, अजून मोजून व्हायचंय.

मी थांबलो.